उत्तरवाहिनी सान पेद्रो

जूनचा तिसरा शनिवार जवळ आला की अप्पांचा फोन ठरलेला. म्हसवडला शनिवार उजाडलेला असतो, इकडे ॲरिझोनात शुक्रवारची संध्याकाळ. तब्येतपाणी, पोरांची शाळा, सगळं विचारून झालं की शेवटी मुद्द्यावर येतात. "उद्या चालायला जानार न्हवं? पानी हाय का नदीला?"

माणदेशात वाढलेल्या माणसाला नदीबद्दल दुसरा प्रश्न सुचत नाही. माणगंगा आमच्या गावाला लागून वाहते असं भूगोलाच्या पुस्तकात होतं. आम्ही पाहिली ती बहुतेक वेळ वाळूच. आजी उन्हाळ्यात पात्रात बसून झिरा उकरायची. आधी वरची तापलेली वाळू बाजूला, मग ओलसर काळपट वाळू, मग खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी. ते दोनतीनदा उपसून टाकायचं आणि थांबायचं. थोड्या वेळानं खालून नितळ पाणी चढतं. ते वाटी वाटीनं कळशीत. मला ते थांबणंच जास्त आठवतं. आजी खड्ड्याकडे बघत गप्प बसलेली असायची.

सिएरा व्हिस्टाच्या शाळेत गणित शिकवायला आले त्याला नऊ वर्षं झाली. आले तेव्हा हा मुलूख बघून पोटात कालवलं होतं. पिवळं गवत, काटेरी झुडपं, उघडे डोंगर. पाऊस वर्षाला साधारण 350 मिलिमीटर, म्हणजे आमच्या माणपेक्षाही कमी. गावाच्या पूर्वेला गाडीनं पंधरा मिनिटं गेलं की त्या पिवळ्या पठारावर एक हिरवी रेघ दिसते. लांबून ती कुणी मुद्दाम लावलेल्या झाडांची रांग वाटते. ती सान पेद्रो नदी.

ही नदी मेक्सिकोत उगम पावते, सोनोरा राज्यात, कानानेआ या तांब्याच्या खाणीच्या गावाजवळ. 1906 साली खाण कामगारांचा मोठा संप झाला, तेच हे कानानेआ. तिथून ती निघते ती थेट उत्तरेला. पालोमिनासजवळ सीमा ओलांडून ॲरिझोनात येते. पश्चिमेला वाचुका डोंगर, पूर्वेला म्यूल डोंगर, मधल्या खोऱ्यातून वर वर. फेअरबँक या ओस पडलेल्या गावापाशी बाबोकोमारी तिला डावीकडून मिळते. मग सेंट डेव्हिड, बेन्सन, कास्काबेल, रेडिंग्टन, मॅमथ. पुढे अरावायपा ओढा येऊन मिळतो आणि विंकलमन गावाशी ती हीला नदीत शिरते. सगळी मिळून साधारण सव्वादोनशे किलोमीटर. आणि या सबंध वाटेवर तिच्या पात्रात एकही मोठं धरण नाही. अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागात धरणाविना राहिलेली एवढी मोठी नदी शोधून सापडत नाही. जिला ती मिळते त्या हीलावर कूलिज धरण आहे, आणि फ्लॉरेन्सच्या अलीकडे बंधारा घालून उरलंसुरलं पाणी कालव्यात वळवलेलं. त्याच्या खाली हीला बहुतेक वर्षभर कोरडी. म्हणजे सान पेद्रोचं पाणी मोकळं वाहतं ते त्या बंधाऱ्यापर्यंतच.

उत्तरवाहिनी म्हटल्यावर अप्पांनी तिकडे फोनवरच हात जोडले होते. आपल्याकडे नदी उत्तरेला वळली की तिथं तीर्थ होतं, घाट बांधला जातो. इथं घाट नाही, देऊळ नाही. पण 1988 साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून या नदीचा वरचा साधारण 64 किलोमीटरचा काठ राखीव केला. नदीकाठ म्हणून राखलेला या देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रदेश. मला तो घाटापेक्षा कमी वाटत नाही.

काठावरची झाडं पहिल्या दिवशीच ओळखीची वाटली. कॉटनवुडचं पान पिंपळासारखं, देठ चपटा, वारा नसतानाही सळसळतं. त्याच्या शेजारी विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाची बहीण. जरा वर, कोरड्या कडेला मेस्किट. ती तर आमची वेडी बाभूळच, तिच्याच कुळातली. एप्रिलमध्ये कॉटनवुडचा कापूस उडतो आणि वाट पांढरी होते. त्या कापसातलं बी फार नाजूक. पुराने आणून टाकलेल्या ओल्या गाळावर ते थोड्याच दिवसांत पडलं तर रुजतं, नाहीतर मेलं. आणि रुजल्यावर त्याच्या मुळांना खाली उतरत्या पाण्याचा पाठलाग करावा लागतो. पाणी भराभर खोल गेलं तर रोप वाळून जातं. म्हणून या नदीला पूर हवा. धरण बांधून पूर थांबवला असता तर म्हातारी झाडं उभी राहिली असती, पण त्यांच्या पायाशी एकही पोर दिसलं नसतं.

पक्षी बघायला लोक जगभरातून येतात. मेक्सिकोतून उत्तरेला जाणाऱ्या पाखरांना या उघड्या मुलखात सावली आणि किडे देणारी ही एक लांब वाट आहे. मला स्वतःला लाल-भडक माशीमार फार आवडतो. कुंपणाच्या तारेवर बसला की निखारा ठेवल्यासारखा दिसतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला इथं येऊन तीन वर्षांनी कळली. हिवाळ्यात पाऊस नसतानाही नदी वाहत होती आणि उन्हाळ्यात आटत होती. मी म्हटलं, बर्फ वितळत असेल. दर जूनला नदीतलं पाणी मोजत चालणाऱ्या आमच्या गटात भूजलाचं काम करून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. त्यांनी मला चार्ल्सटनच्या टेकड्यांपाशी नेऊन खडक दाखवला. म्हणाले, हे पाणी आकाशातून आज आलेलं नाही. वाचुका डोंगरावर पडलेला पाऊस पायथ्याच्या खडीत मुरतो, जमिनीखालून पावलापावलानं नदीकडे सरकतो. त्याला शेकडो वर्षं लागतात, काही पाण्याला हजारो. इथं खालचा खडक वर आला आहे, त्यामुळे पाण्याला पुढे जायला जागा नाही, ते वर येतं. मी त्यांना आजीचा झिरा सांगितला. ते म्हणाले, ही नदी म्हणजे तोच झिरा, फक्त कुणी उकरलेला नाही.

त्या दिवसापासून मला नदी वेगळी दिसते. जमिनीखाली सगळीकडे पाणी भरलेलं आहे आणि जिथं पात्र त्या पातळीच्या खाली जातं तिथं ते उघडं पडतं, बस्स. पातळी हातभर उतरली की तेवढी नदी नाहीशी. त्यासाठी धरणाची गरज नाही, विहिरी पुरतात. वाचुकाच्या पायथ्याला 1877 पासून लष्कराचं ठाणं आहे, त्याच्याभोवती आमचं गाव वाढलं, आज चाळीस हजारांच्या वर माणसं आहेत. सगळे बोअरचं पाणी पितो. मीही पिते. डोंगराकडून नदीकडे निघालेलं पाणी वाटेतच आम्ही उचलतो. 2005 च्या जुलैत चार्ल्सटनच्या मापकावर प्रवाह शून्य नोंदला गेला. तिथल्या सगळ्या नोंदींत असं कधी झालं नव्हतं. गावाचं सांडपाणी शुद्ध करून तळ्यांतून जमिनीत मुरवायचं काम 2002 पासून चालू आहे. ते पाणी नदी आणि गावच्या विहिरी यांच्यामध्ये जमिनीखाली पाण्याचा एक उंचवटा धरून ठेवतं. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पुरेसं मात्र वाटत नाही, कारण बोअर अजून पडतच आहेत.

ही नदी पूर्वी अशी खोल दरीतून वाहत नव्हती, हेही सांगायला हवं. दोनशे वर्षांपूर्वी इथं पाणथळ होती, गवताळ दलदल, आणि बीव्हर इतके की फासे लावून शिकार करणाऱ्यांनी हिला बीव्हरची नदी म्हटलं. बीव्हर म्हणजे मोठ्या घुशीसारखा प्राणी, झाडं कुरतडून प्रवाहात काड्यामातीचे बंधारे घालतो. कातड्यासाठी ते मारून संपवले. मग हजारोंनी गुरं आली, गवत संपलं, आणि 1890 च्या आसपासच्या पुरांनी मोकळी माती कापत नेली. नदी दोन-तीन पुरुष खोल खचली. काठाच्या उभ्या दरडीत आजही काळ्या मातीचा थर दिसतो, तो जुन्या दलदलीचा. 1999 मध्ये बीव्हर परत आणून सोडले. मी एकदाच पाहिला, पहाटे, पाण्यावर नुसती डोक्याची रेघ. पण त्यांनी कुरतडलेले बुंधे नेहमी दिसतात, पेन्सिलीला टोक केल्यासारखे.

तर शनिवारची चाल. 1999 पासून दर जूनला, पावसाच्या आधी नदी सगळ्यात आटलेली असते तेव्हा, आमच्यासारखे लोक पात्रातून चालत जातात आणि कुठं ओलं, कुठं कोरडं ते मोजतात. प्रत्येक तुकडीला आपापला टप्पा. हातात जीपीएसचं यंत्र. पाणी सुरू झालं की एक खूण, संपलं की दुसरी. दिसायला काहीच नाही, पण पंचवीसेक वर्षांच्या त्या खुणा एकाखाली एक मांडल्या की नदीचा श्वास कागदावर दिसतो.

यंदा माझ्या टप्प्यात पाणी एका विलोच्या मुळापाशी संपत होतं. शुक्रवारी संध्याकाळी अंदाज घ्यायला गेले होते, तेव्हाचं सांगते. शेवटचं डबकं ताटाएवढं, त्यात बोटाएवढे मासे दाटीनं. त्याच्यापुढे ओली वाळू, मग कोरडी. डबक्याच्या कडेला दगडावर ओलीची रेघ होती, पाण्यापासून चार बोटं वर. दिवसभर झाडं पाणी ओढतात आणि पातळी उतरते. रात्री झाडं थांबतात, तेव्हा खालून परत चढते. आजोबांनी हे सांगितलं होतं, मी कधी बघितलं नव्हतं. पाणी जिथं संपलं तिथं मी एक वाळकी काडी खोचली.

तेवढ्यात फोन वाजला. "पानी हाय का नदीला?"

"आहे अप्पा. पण माझ्या पायाशीच संपलंय."

"मग सकाळी बघ," ते म्हणाले. "तुजी आजी झिऱ्यावर रातीच्यालाच जायाची."

हे मला माहीत नव्हतं. आजी पहाटे कळशी घेऊन जायची ते उन्हाच्या भीतीनं, असंच मी धरून चालले होते.

पहाटे साडेचारला पोचले. डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात काडी लगेच सापडली नाही, कारण ती पाण्यात उभी होती. तिच्या पुढं पाणी पाच-सहा हात गेलेलं होतं, वाळूवर इतकं पातळ की दिवा वाकवल्यावरच चमकलं. मासे पांगले होते. मी पाण्याच्या नव्या टोकाशी यंत्र धरलं, खूण केली आणि अप्पांना फोन लावला.