बीजिंग ते शिआन, एकाच रुळावरून

नवऱ्याने चीनच्या सहलीचा पहिला कागद केला त्यावर बीजिंग, शांघाय, गुइलिनचे डोंगर, चेंगदूचे पांडा, ल्हासा आणि दुनहुआंगची लेणी अशी झाडून सगळी नावं होती. सासऱ्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात शिजियाझुआंग कुठंय?"

आम्हा दोघांना ते नाव नीट उच्चारताही येईना. बाबा मूळचे सोलापूरचे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी त्या शहरात आहे, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. "बाकी तुम्ही ठरवा," म्हणाले, "मला तिथे न्या म्हणजे झालं."

चीनचा विस्तार साधारण ९६ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या जवळजवळ तिप्पट. तरी घड्याळ सगळीकडे एकच, बीजिंगचं. पश्चिम टोकाच्या काशगरला डिसेंबरात सूर्य उगवतो तेव्हा त्या घड्याळात सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये ईशान्येच्या हेइहेपासून नैर्ऋत्येच्या तेंगचोंगपर्यंत नकाशावर एक तिरकी रेघ मारली होती. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं आजही त्या रेघेच्या पूर्वेला राहतात. सहल आखणाऱ्याने आधी ही रेघ बघावी, असं माझं मत झालंय. पूर्वेला जलद रेल्वेचं दाट जाळं, पश्चिमेला वाळवंट, पठार आणि न संपणारे पल्ले. ल्हासाला तर व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो आणि परदेशी माणसाला आपापलं फिरता येत नाही. ल्हासा कटलं. दुनहुआंगवरून घरात थोडा अबोला झाला, पण तेही कटलं.

मग रेल्वेचा नकाशा बघताना लक्षात आलं, की बीजिंगहून दक्षिणेला जाणारी जलद गाडी शिजियाझुआंगवरूनच झेंगझौला जाते. तिथून पश्चिमेला वळलं की लुओयांग आणि पुढे शिआन. बाबांचा हट्ट बरोबर वाटेत बसत होता. शिवाय लुओयांगला भारतातून आलेल्या भिक्षूंचं देऊळ आणि शिआनला ह्युएन त्संगाचा मनोरा. शांघाय मी स्वतःच्या हाताने खोडलं आणि जराही वाईट वाटलं नाही.

तारखांचं मात्र पक्कं ध्यानात ठेवा: १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा सगळा चीन घराबाहेर पडतो. वसंतोत्सवाचंही, म्हणजे चिनी नववर्षाचंही, तेच. आम्ही ऑक्टोबरअखेर धरला. हवा कोरडी, गार, पानं पिवळी. रेल्वेचं बुकिंग साधारण १५ दिवस आधी उघडतं आणि तिकीट पासपोर्टवरच निघतं. पासपोर्ट दाखवला की झालं, कागद लागत नाही. पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट अॅपला आपलं कार्ड निघण्यापूर्वीच जोडून ठेवा. भाजीवाल्या आजीसुद्धा क्यूआर कोड पुढे करतात. गुगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, आपल्याकडच्या सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात. भारतीयांना पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागलाय, त्यामुळे हे सगळं जमून आलं.

बीजिंगबद्दल फार लिहीत नाही, त्याबद्दल सगळेच लिहितात. राजवाड्याचं (म्हणजे निषिद्ध नगराचं) तिकीट सात दिवस आधी ऑनलाइन काढावं लागतं, सोमवारी बंद असतो, हंगामात ६० युआन. १४२० मध्ये बांधून पूर्ण झालेली ही वास्तू मला भव्य वाटली, आवडली असं म्हणवत नाही. अंगणामागून अंगण, आणि प्रत्येक अंगण माणसाला लहान करण्यासाठीच बांधलेलं. चीनची मोठी भिंत बघायला बादालिंगला न जाता मुतियान्यूला गेलो. तिथे केबल कार आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न मिटला. उतरायला घसरगाडीही आहे. नवरा तिच्यातून खाली आला आणि दिवसभर त्याच आनंदात होता.

बीजिंगहून शिजियाझुआंग साधारण २८० किलोमीटर, गाडीने तासाभराहून थोडं जास्त. पर्यटक इथे सहसा उतरत नाहीत. हॉटेलातल्या मुलीने आम्ही का आलो असं दोनदा विचारलं. कोटणीसांचं चिनी नाव मी चिनी लिपीत फोनवर ठेवलं होतं. ते दाखवल्यावर तिचा चेहराच बदलला आणि तिने स्वतः बाहेर येऊन टॅक्सीवाल्याला पत्ता समजावला.

१९३८ मध्ये चीन जपानशी लढत असताना काँग्रेसने तिथे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात कोटणीस होते. बाकीचे परतले, हे राहिले. युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२. त्यांची समाधी शहिदांच्या एका मोठ्या उद्यानात आहे, तिथेच बेथ्यून यांचीही. सरूची झाडं, झाडलेले रस्ते, कोटणीसांचा पांढरा पुतळा. आम्ही उभे असताना शाळेच्या मुलांची एक रांग आली. आम्ही भारतातले, असं कळल्यावर बाईंनी मुलांना थांबवलं. बाबांनी त्या मुलांना चक्क मराठीत सांगायला सुरुवात केली, कोटणीस कोणत्या गावचे, तिथे त्यांचं घर अजून कसं जपून ठेवलंय. भाषांतर करायला कोणी नव्हतं. मुलं मात्र चुळबुळ न करता ऐकत होती, आणि शेवटी टाळ्याही पडल्या.

लुओयांगमध्ये लोंगमेनची लेणी आहेत. यी नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यात इसवी सन ४९३ च्या सुमारास काम सुरू झालं, आणि एक लाखाहून जास्त मूर्ती कोरल्या गेल्या. वैरोचन बुद्धाची १७ मीटरची मूर्ती ६७५ ला पूर्ण झाली, सम्राज्ञी वू हिने त्यासाठी पैसे दिले होते. वेरूळ-अजिंठा बघितलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही, फक्त चेहरे हळूहळू चिनी होत गेलेले दिसतात. बऱ्याच लहान मूर्तींना डोकीच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कापून परदेशी संग्राहकांना विकली गेली, हे वाचून संताप आला.

पांढऱ्या घोड्याचं देऊळ परंपरेने इसवी सन ६८ चं, चीनमधलं पहिलं बौद्ध मंदिर मानलं जातं. भारतातून आलेले काश्यप मातंग आणि त्यांचे सोबती इथे राहिले, असं सांगतात. आवारात सांचीच्या धर्तीवरचं एक भारतीय मंदिरही आहे, २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. खरं सांगायचं तर मला ते जरा नवंकोरं आणि ओकंबोकं वाटलं. बाबांना आवडलं.

शाकाहाराची काळजी मोठ्या देवळांजवळ मिटते, तिथली शाकाहारी जेवणं उत्तम असतात. इतरत्र 'मांस नको, मासे नको, अंडं नको, चरबी नको' असं चिनीत लिहिलेलं कार्ड दाखवावं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर वांग्याच्या भाजीत खिमा येतो, कारण एवढासा खिमा तिथे कोणी मोजतच नाही.

शिआनला पहिला सम्राट छिन शी हुआंगच्या कबरीजवळ पुरलेली मातीच्या सैनिकांची सेना बघायला सगळे जातात, आम्हीही गेलो. १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना ती सापडली. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेलीच नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात आवडली. पण दिवस राखून ठेवला होता तो मोठ्या रानहंस मनोऱ्यासाठी. ह्युएन त्संग ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि ते ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. ह्युएन त्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. जिने चढताना बाबांना हे सांगितलं, तर पाचव्या मजल्यावर दम घेत ते नवऱ्याकडे बघून म्हणाले, "दुनहुआंगवरून तू चार दिवस बोलला नव्हतास, ते त्याला आधीच कळलं होतं वाटतं."

नवरा हसला नाही. मनोऱ्यावरून खाली येताच त्याने फोनवर शिआन ते दुनहुआंग गाड्यांचं वेळापत्रक उघडलं.