क्लोन झालं, पण फोल्डर रिकामं

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला एकच काम असतं: कंपनीचा कोड आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, भाषेत क्लोन करायचं. एका ओळीची कमांड आहे. चालली तर दहा मिनिटांत तर्री पोहे खायला मोकळे. माझी चालली नाही, आणि का चालली नाही ते कळलं तरी ते प्रकरण डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून लिहिते आहे.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. मे महिना, कूलरचा एवढा आवाज की फोनवर बोलायला जिन्यात जावं लागतं. क्लायंट पुण्याचा, कोड गिटहब या साइटवरच्या त्यांच्या खासगी रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात.

पहिला मेसेज आला, 'रेपॉझिटरी नॉट फाउंड'. पत्ता बरोबर, ब्राउझरमध्ये तोच रेपो समोर उघडा, आणि टर्मिनल म्हणतं सापडला नाही. खासगी रेपोची परवानगी नसेल तर गिटहब 'परवानगी नाही' असं सांगत नाही, 'सापडला नाही' म्हणतं; परक्याला तो रेपो आहे एवढंही कळू नये म्हणून. धोरण बरोबरच आहे, पण नवखा माणूस स्पेलिंगच तपासत बसतो. खरी गोष्ट अशी की लॅपटॉप माझ्याआधी दुसऱ्या कुणाकडे होता आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्याचंच लॉगिन साठवलेलं होतं. गिट माझ्या नावाने नाही, त्याच्या नावाने दार वाजवत होतं. ती नोंद उडवली, ब्राउझरमधून माझं लॉगिन केलं, दार उघडलं. (नव्यांसाठी म्हणून ऑफिसने दिलेल्या फाइलमध्ये अजूनही 'युजरनेम आणि पासवर्ड टाका' लिहिलं आहे. गिटहबने कमांडसाठी खात्याचा पासवर्ड घेणं १३ ऑगस्ट २०२१ ला बंद केलं. ती फाइल कोणी उघडून पाहत असेल असं वाटत नाही.)

मग 'अर्ली ईओएफ'. म्हणजे डेटा येता येता मधेच तुटला. क्लोनची खोड अशी की ते मधेच तुटलं तर गिट उतरवलेलं सगळं पुसून टाकतं आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून. जिथे तुटलं तिथून पुढे, असं नाही. आमच्या सीनियरांनी लगेच नेटवर सापडणारा उपाय सांगितला, 'पोस्टबफर वाढव'. मी वाढवलं, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, ते सेटिंग डेटा पाठवतानाचं आहे, उतरवतानाचं नाही. पण हा सल्ला वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो आहे. शेवटी 'डेप्थ' एक ठेवून फक्त ताजा कमिट, म्हणजे कोडची शेवटची नोंदलेली अवस्था, मागवला. इतिहास नंतर 'अनशॅलो' करून सावकाश आणता येतो.

आकडा १०० टक्क्यांवर गेला. आणि खाली ओळ आली: क्लोन यशस्वी झालं, पण चेकआउट, म्हणजे उतरवलेल्या साठ्यातून फाइल्स फोल्डरमध्ये मांडणं, फसलं. फोल्डरमध्ये लपलेल्या '.गिट'शिवाय काही नाही. 'स्टेटस' विचारलं तर प्रत्येक फाइल 'डिलीटेड', जणू मीच सगळा प्रोजेक्ट पुसून टाकला.

"नेटच असन. पुन्हा मार ना क्लोन," सीनियर खुर्चीतूनच म्हणाले.

नेट नव्हतं. वरच्या ओळीत 'इनव्हॅलिड पाथ' लिहिलेलं होतं आणि पुढे एका फाइलचं पूर्ण नाव. चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फाइल्सपैकी एक. नावात तारीख आणि वेळ: १०:१५. मी त्या दोन ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. विंडोजवर फाइलच्या नावात कोलन चालत नाही. तो ड्राइव्हच्या अक्षरामागे येतो, आणि एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीत, फाइलला चिकटवलेल्या छुप्या स्ट्रीमचं (जोडमजकुराचं) नाव वेगळं काढायलाही तोच वापरतात. लिनक्सला स्लॅश सोडला तर जवळजवळ काहीही चालतं.

पुण्याला फोन लावला. "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय," पलीकडून उत्तर. चालणारच. त्यांची सगळी टीम मॅक नाहीतर उबुंटू या लिनक्सवर. त्या रेपोला विंडोजचा हात पहिल्यांदा लागला तो माझा.

सीनियर म्हणाले, "ते प्रोटेक्ट-एनटीएफएस बंद कर अन् मोकळी हो." हे मी ऐकलं नाही. विंडोजला न चालणारी नावं अडवणारी ती तपासणी काढली तर गिट तक्रार न करता फाइल लिहितं, पण नाव कोलनपाशी तुटतं आणि मजकूर छुप्या स्ट्रीममध्ये जातो. दिसायला फाइल शून्य बाइटची. असं काही कमिट होऊन पुण्याला गेलं असतं तर नवीन आलेल्या मुलीचंच नाव पुढे आलं असतं.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू टाकलं. रेपो सी ड्राइव्हवर नाही, उबुंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये उतरवला. छोटा लूप लिहून नावांमधल्या कोलनच्या जागी हायफन टाकला, 'गिट एमव्ही' ने नावं बदलली, बदलांची वेगळी ब्रांच (फांदी) पाठवली. पुण्याच्या लीडने जेवणानंतर मंजूर केली, एकही प्रश्न न विचारता. त्यानंतर विंडोजवर नव्याने क्लोन केलं ते एका दमात.

पण जुने कमिट तसेच आहेत. उद्या एखादा बग शोधताना 'बायसेक्ट' लावून मागे जायची वेळ आली तर माझा लॅपटॉप तिथेच अडणार. इतिहास नव्याने लिहायचा तर कमिटचे हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतात, मग सगळ्यांना पुन्हा क्लोन करावं लागेल. एका कोलनसाठी ते कोणी करणार नाही आणि करूही नये.

शिवाय त्या नमुना फाइल्स बनवणारी स्क्रिप्ट पुण्यातच चालते. तिच्यात तारखेचा फॉरमॅट एका ओळीत बदलायचा आहे. मी तिकीट टाकलं, 'लो प्रायॉरिटी' लागलं. गेल्या शुक्रवारी पुल केलं, म्हणजे नवे बदल उतरवले, तर पुन्हा 'इनव्हॅलिड पाथ'. उबुंटू उघडलं, लूप चालवला, ब्रांच पाठवली.