नववा माणूस

ब्लॅक हिलच्या माथ्यावर मी माणसं मोजली, नऊ भरली. नऊच भरायला हवी होती. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसलो, थर्मास उघडला, चहा ओतला. दहा मिनिटांनी निळ्या जाकिटातल्या एकाने सँडविचचा कागद खिशात कोंबला, सगळ्यांना हात केला आणि धुक्यात चालता झाला. तो आमचा नव्हताच.

पुन्हा मोजली. आठ.

मी मँचेस्टरजवळ राहतो आणि शनिवार-रविवारी लोकांना डोंगरावर नेऊन आणण्याचे पैसे घेतो. त्यासाठी इथे ‘हिल अँड मूरलँड लीडर’ नावाची रीतसर परीक्षा असते, ती दिलेली आहे. लोकांना वाटतं, या कामात चालायचं असतं. चालणं त्यातलं सगळ्यात सोपं. खरं काम मोजण्याचं: पावलं, मिनिटं आणि माणसं. सपाटीवर माझी ६४ दुहेरी पावलं म्हणजे १०० मीटर, ओल्या गवतात ७०. धुक्यात डोळे निकामी झाले की एवढंच हाताशी उरतं. आणि मी माणसंच चुकलो.

त्या दिवशीची मंडळी म्हणजे मे-जूनमध्ये मुलांकडे आलेले आईवडील आणि त्यांची मुलं. सकाळी मिनीबसमध्ये एकाने विचारलं, उंची किती? म्हटलं, ५८२ मीटर. तो हसलाच. त्याचं हसणं बरोबरच होतं, कारण पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्या बघणारा माणूससुद्धा समुद्रसपाटीपासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतो. राजगड-तोरणा केलेल्यांना इथले डोंगर म्हणजे चेष्टा वाटते. मलाही पहिली दोन वर्षं वाटायची. पण सह्याद्रीत कडा दिसतो, दरी दिसते, आपण कुठे आहोत ते कळतं. इथे माथा गाठला की वर नुसता ओला, काळा माळ. पीट म्हणतात त्याला. शेवाळ कुजता कुजता राहून झालेली ही माती वर्षाला मिलिमीटरभर वाढते आणि काही ठिकाणी माणूस उभा पुरेल इतकी खोल असते. पाण्याने तिला चर पाडलेत. त्यातल्या एका चरात उतरलात की दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, पुढे वळण, वळणापुढे तसाच दुसरा चर.

सगळ्यांना पेन-ई-गेंटच नाहीतर स्काफेल पाइकच हवं असतं, कारण फोटोत ते डोंगरासारखे दिसतात. सुट्टीच्या दिवशी पेन-ई-गेंटवर अलीकडे सिंहगडासारखी रांग लागते. मला विचाराल तर मी किंडर स्काउट सांगेन. ६३६ मीटर, पीक डिस्ट्रिक्टमधली सर्वांत उंच जागा. आज तिथे कुणीही मोकळं हिंडतं, पण २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरचे कामगार बंदी मोडून त्यावर चढले आणि त्यातले पाचजण तुरुंगात गेले. नाहीतर ब्लीकलो, जिथे १९४८ मध्ये पडलेल्या अमेरिकन बी-२९ विमानाचे तुकडे अजून चिखलात पसरलेत आणि त्यापाशी गेलं की बडबडे गटही गप्प होतात. या दोन्हींच्या मानाने ब्लॅक हिल सोपा. ए-६३५ रस्त्यावर गाडी लावायची आणि पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेने दक्षिणेला जेमतेम चार किलोमीटर जायचं. वाट जवळजवळ सगळी फरसबंद. म्हणूनच ज्येष्ठांच्या गटासाठी मी तो निवडला होता. हे कागदावर आजही बरोबर दिसतं.

या फरशांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरूनच घडलं. पूर्वी इथे लोक गुडघ्यापर्यंत रुतायचे. हजारो बुटांनी वाटेची गटारं केली होती. मग लँकेशायर-यॉर्कशरच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीवरच्या दगडी लाद्या उचलल्या, हेलिकॉप्टरने वर आणल्या आणि दलदलीवर एकामागे एक मांडल्या. खाली पाया नाही, पीटवर तरंगल्यासारख्या असतात. आपल्या शहाबादीपेक्षा जाड, दोन माणसांनाही न उचलणाऱ्या. काहींना भोकं आहेत. ती यंत्रांच्या बोल्टांची, एवढं मी प्रत्येक गटाला सांगतो. लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि पुढे जातात.

काका मात्र थांबले. वय सत्तरीच्या पुढे, अंगकाठी बारीक, मुलाचं मोठं जाकीट घातलेलं. लालबागला वाढलेले, परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, अकरा वर्षं काढलेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांचा साचा पुन्हा सुरू झाला नाही. हे मला येताना बसमध्येच कळलं होतं. ओल्डहॅमची पाटी दिसली तेव्हा ते काचेला नाक लावून बसले होते. त्यांच्या गिरणीतल्या कित्येक यंत्रांवर ते नाव ओतीव लोखंडी अक्षरांत होतं. ‘‘इतकी वर्षं वाचलं,’’ म्हणाले, ‘‘गाव असेल असं कधी वाटलंच नाही. कंपनीचं नाव असेल म्हटलं.’’

ओढ्याअलीकडे कापूसगवत फुललं होतं. मे अखेरीला सगळा माळ पांढऱ्या बोंडांनी भरतो. काकांनी एक झुपका तोडला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हलकेच ताणला. तुटला. पुन्हा ताणला, पुन्हा तुटला. ‘‘याचं सूत निघायचं नाही.’’ इथल्या लोकांनीही कधीकाळी प्रयत्न केला होता, तोही फसला. मग मी माझं ठेवणीतलं सांगितलं: अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा इथल्या गिरण्यांना मुंबईहून आलेल्या कापसावर भागवावं लागलं आणि आखूड धाग्याच्या त्या ‘सुरती’ मालाला इथले कामगार वैतागले होते. मंडळी हसली. काकाही हसले. आता वाटतं, त्यांनी त्यातलं काही ऐकलंच नसावं. सगळे हसले म्हणून तेही हसले.

डीन क्लफचा ओढा ओलांडताना मोजणी केली, ती खरीच नऊ होती. त्यानंतर चढ आणि चढावर धुकं. इथे ‘क्लॅग’ म्हणतात, शब्द ऐकूनच ओलं वाटतं. शेपटीला माझा मदतनीस होता, चोविशीचा, परीक्षेसाठी वहीत दिवस भरत असलेला. पाय चांगले आहेत त्याचे, नकाशाही येतो, पण मागे राहणं ही कला आहे आणि या मुलांना ती कमीपणाची वाटते. एका काकूंचा पाय मुरगळल्यासारखा झाला म्हणून तो पुढे सरकला. त्याला वाटलं, काका मुलाबरोबर पुढे गेले. मुलाला वाटलं, बाबा मागे मदतनिसाबरोबर आहेत. अशाच फटीतून माणूस निसटतो. मला हे माहीत होतं, मी हे शिकवतोसुद्धा.

आठ मोजल्यानंतरचं सगळं भराभर झालं. सॅकमधून नारिंगी निवारा काढला. हा बिनकाठ्यांचा तंबूच, सगळ्यांनी डोक्यावरून ओढून त्याच्याच कडेवर बसायचं. आत दहा मिनिटांत ऊब येते. मदतनिसाला सगळ्यांजवळ ठेवलं. मुलगा निघाला माझ्याबरोबर, त्याला नाही म्हटलं. हरवलेला एकच पुरे होता.

‘‘९९९ लावतो मी.’’

‘‘वीस मिनिटं द्या. फरशीवर असतील तर मला सापडतीलच.’’

‘‘आणि नसतील तर? तुमचे वडील असते तर थांबला असतात?’’

मी उत्तर दिलं नाही, निघालो. इथली बचाव पथकं स्वयंसेवकांची, पैसे घेत नाहीत, लवकर बोलावलं म्हणून कुणाला ओरडतही नाहीत. उशिरा बोलावलं तरच हळहळतात. हे मी गटांना दर वेळी सांगतो. मग वीस मिनिटं का मागितली? खात्री होती म्हणून, की मोजणी चुकल्याची लाज वाटत होती म्हणून? परत आल्यावर अहवालात मी ‘खात्री’ लिहिलं.

संकटाची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत राहून ऐकायचं. उत्तर तीन शिट्ट्यांचं. शिट्टी प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला असते, काकांच्याही होती, मीच दाखवली होती. शंभर मीटर, सहा शिट्ट्या. पूर्ण मिनिट थांबवेना, अर्धंच थांबलो. उत्तर आलं ते रानकोंबडीसारख्या ग्राउस पक्ष्याचं. तो ‘गो-बॅक, गो-बॅक’ असं ओरडतो, एरवी पर्यटकांना हसवायला बरा. पुन्हा शंभर मीटर. काहीच नाही. होम मॉसचा सव्वादोनशे मीटरचा मनोरा तिथून दोनेक किलोमीटरवर, आणि माझ्या फोनवर सिग्नलची एक काडी, तीही येऊन-जाऊन. सहाशे मीटरपर्यंत फरशीवरच असतील असं वाटत होतं. आठशेला वाटेनासं झालं. डाव्या हाताचे चर दिसू लागले, प्रत्येक चर वाकून बघावासा वाटू लागला. एकात उतरलो असतो तर माझी पावलांची मोजणीही गेली असती.

अठराव्या मिनिटाला दिसले. एका लादीवर उकिडवे बसलेले, पाठ माझ्याकडे. तीस मीटरवरून जोरात शिट्टी फुंकली. मान वळली नाही. पुन्हा फुंकली. तेव्हा पोटात गोळा आला, माणूस बसल्याजागी गेला की काय. धावत गेलो. माझे बूट त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

‘‘आलात? हे बघा.’’ त्यांचं बोट भोकात होतं. ‘‘साच्याचा पाय इथे. आणि हा खळगा पाहिला? विणकर इथे उभा. रोज तिथेच पाय, रोज तिथेच.’’ खळगा चालणाऱ्यांच्या बुटांनीही पडलेला असू शकतो. मी बोललो नाही.

‘‘काका, शिट्टी ऐकू आली नाही?’’

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हात पुढे करून माझ्या नाकावरचा बफ, म्हणजे गळ्यातून तोंडावर ओढायचं नळीसारखं फडकं, त्यांनीच खाली ओढला. ‘‘आता बोला.’’

साचाखात्यात शेकडो धोटे एकाच वेळी आदळतात. तिथे काम करणाऱ्याचे कान जातात, हे गिरणगावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि खात्यात बोलायचं ते ओठांनी, हातांनी. काका पन्नास वर्षं ओठच वाचत आले होते. घरी सगळे जवळ येऊन, समोर बसून बोलतात, म्हणून मुलाला ते कधी ‘बहिरेपण’ वाटलंच नाही. माझ्या अर्जात हृदय, मधुमेह, दमा, गुडघे असे रकाने आहेत. कानांचा नाही. सकाळी गाडीतळावर दहा मिनिटं मी सूचना दिल्या: वाट सोडू नका, हरवलात तर हलू नका, शिट्टी अशी वाजवा. त्या सूचनांचा मला अभिमान आहे, उदाहरणांसकट पाठ आहेत. थंड वारा होता म्हणून त्या बफमधूनच दिल्या.

‘‘मग जागचे हलला नाहीत ते कसे?’’

‘‘हलून कुठे जाणार? लादी सोडली की चिखल, दिसतंय की. आणि तुम्ही याच लादीने परत येणार ना?’’

परतताना मुलगा माझ्याशी बोलला नाही. मदतनीस फार बोलला, स्वतःची बाजू मांडत. ज्या मंडळाने सहल ठरवली होती त्यांनी संध्याकाळी गटावर टाकलं: ‘सर्व सुखरूप, मस्त अनुभव’, खाली हसरे चेहरे. बचाव पथकातल्या एका ओळखीच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘विसाव्या मिनिटाला सापडले नसते तर तू खरंच फोन केला असतास, की पंचवीस म्हणाला असतास?’’

अर्जात कानांचा रकाना आला आहे. सूचना आता उघड्या तोंडाने, सगळ्यांना गोल उभं करून देतो. मोजताना नुसते आकडे न मोजता नावं घेतो.

काकांनी निघताना एक काम सांगितलं होतं: भोकाचा व्यास आणि दोन भोकांमधलं अंतर, इंचात. जूनमध्ये एकटाच टेप घेऊन गेलो. ती लादी शोधायला तासभर लागला, कारण भोकांच्या लाद्या पुष्कळ निघाल्या. माप आणि फोटो पाठवले. त्याखाली दुसरा निरोप लिहिला, बफबद्दल, वीस मिनिटांबद्दल, जमेल तितका सरळ.

दोन दिवसांनी लालबागहून उत्तर आलं. अंतर बरोबर वाटतंय, व्यास पुन्हा मोजा, कडा झिजलेल्या असतात, आतून मोजायचा.