चांगल्या हातकरवतीला एवढे पैसे का द्यायचे

आता सगळी कापाकापी मशीनवर होते, त्यामुळे हातकरवतीला तीन-चार हजार मोजतो म्हटलं की घरचे तर बोलतातच पण हार्डवेअरवालासुद्धा विचारतो, अहो तीनशे-चारशेत मिळते ना, ही कशाला. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे असं मला खूप दिवस वाटतंय. माझं मत आधीच सांगतो, जी करवत कानस घेते आणि जिचं पातं पाठीकडे, म्हणजे दातांच्या विरुद्ध कडेला, पातळ होत गेलंय तिला पैसे द्या, बाकी पितळी स्क्रू, पात्यावर कोरलेलं नाव, मुठीवरची नक्षी हे सगळं नंतर.

कानस घेते म्हणजे काय तर आपल्याला घरी तिला धार लावता येते. दुकानात जी स्वस्त करवत टांगलेली असते तिचे दात बघा, टोकं काळी-निळी दिसतील. फॅक्टरीत फक्त दात क्षणभर तापवून थंड करतात आणि ते इतके कडक होतात की तिकोनी कानस त्यावरनं नुसती घसरते. असे दात जास्त दिवस टिकतात हे खरंय, पण एकदा बोथट झाले की करवत संपली. जुन्या पद्धतीच्या करवतीचं पोलाद मुद्दाम थोडं मऊ ठेवतात, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साधारण 50 ते 52, आणि कानस असते 60 च्या वर, म्हणून कानस दाताला खाते आणि दात लाकडाला खातो. एवढ्या कमी फरकात पोलाद बरोबर बसवणं, की दात वळवताना मोडणार पण नाही आणि चार फळ्यांत धार पण जाणार नाही, हेच कौशल्य आहे आणि पैसे त्याचेच आहेत.

आणि आपल्या कोकणात हे जास्तच लागू पडतं. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, ती धार खाते. माडाचं लाकूड तर त्याहून वाईट, बाहेरचा भाग दगडासारखा आणि आतला भुसभुशीत, एका जुन्या माडाचे वासे काढायचे म्हटले तरी मध्येच दात गेलेले कळतात. ऐन, खैर यांच्याबद्दल बोलायलाच नको. अशा ठिकाणी धार लावता न येणारी करवत घेतली तर तुम्ही दर वेळी नवीन करवतच घेत राहणार, मग स्वस्त कुठली?

हां, सेंटरिंगच्या फळ्यांसाठी, खिळे असलेल्या जुन्या लाकडासाठी मी पण ती काळ्या दातांचीच वापरतो आणि वापरावी, चांगली करवत खिळ्यावर घालू नये.

आता पातळ पाठीचं. करवतीचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे थोडे वळवलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. पण चीर जितकी रुंद तितकं जास्त लाकूड भुसा होणार, आणि तो सगळा भुसा तुमच्या दंडातल्या ताकदीने होतोय. चांगल्या करवतीत पातं दातांपाशी साधारण एक मिलिमीटर असतं आणि पाठीकडे, त्यातही टोकाकडे, घासून बरंच पातळ केलेलं असतं, म्हणजे पात्याला चिरीत आपोआप जागा मिळते आणि दात अगदी थोडेच फाकवले तरी चालतं. हे घासकाम महाग आहे म्हणूनच स्वस्त करवतीत करत नाहीत, तिथे सगळीकडे सारखा जाड पत्रा आणि दात भरपूर फाकवलेले. दोन्ही करवती एकाच फळीवर चालवून बघा, मी काही सांगायची गरज राहणार नाही.

आमचे मामा सुतारकाम करायचे, ते म्हणायचे, "ओल्या लाकडाक दात जरा फाकवूक व्हये, सुक्याक तेवढे नको." पावसाळ्यात आपल्याकडचं लाकूड पाणी पिऊन बसतं, ताजा फणस असेल तर चीक दातात भरतो, तेव्हा तीच करवत गणपतीच्या माटवीसाठी (मूर्तीवर टांगायची लाकडी चौकट) सुकी पट्टी कापताना लागते त्यापेक्षा वेगळी फाकवावी लागते. कानस घेणारी करवत असेल तरच हे शक्य आहे, नाहीतर फॅक्टरीने जसं दिलं तसंच.

दातांचा आकार पण बघून घ्या. उभं चिरायचं असेल तर दात छोट्या पटाशीसारखे सरळ धारेचे, आडवं तोडायचं असेल तर तिरके घासलेले, चाकूच्या टोकासारखे, म्हणजे आधी धागा दोन्हीकडून कापला जातो. चिरायच्या करवतीला इंचाला 5-6 दात पुरतात, तोडायला 8-10 लागतात. एकच करवत दोन्हीला वापरणारे खूप आहेत आणि मग करवत खराब निघाली म्हणतात.

इंग्लंडमधल्या शेफिल्डची स्पिअर अँड जॅक्सन ही करवतीची कंपनी 1760 पासूनची, अमेरिकेत हेन्री डिस्टनने 1840 मध्ये फिलाडेल्फियात कारखाना काढला आणि 1874 च्या त्यांच्या डी-8 मॉडेलला पाठ आत वळवली, पुढचं वजन कमी झालं. अशी जुनी करवत कुणाच्या माळ्यावर सापडली तर गंज बघून टाकू नका, वरवरचा गंज निघतो. दातांच्या ओळीत खोल खड्डे असतील तरच सोडा. पातं वाकवून सोडायचं, सरळ परत आलं पाहिजे, आणि दातांकडून एका डोळ्याने बघायचं, कुठे लाट दिसता कामा नये. मूठ तीन बोटांत बसली पाहिजे, पहिलं बोट पात्याच्या दिशेने सरळ.

जपानी करवती ओढताना कापतात, त्यामुळे पातं अर्धा मिलिमीटर असलं तरी दुमडत नाही, आणि जमिनीवर बसून पायाने फळी दाबून काम करणाऱ्याला त्या खरंच सोयीच्या आहेत. पण बऱ्याचशा आता बदली पात्याच्या येतात, धार घरी लागत नाही, म्हणून बारीक जोडकामासाठी एक ठेवावी, सगळ्या कामाला नको.

घेतलीत की सांभाळायची. समुद्राची हवा दोन दिवसांत पात्यावर ठिपके आणते. काम झालं की चीक रॉकेलने पुसायचा, मशीन ऑइलचा हात फिरवायचा, आणि पावसात चिऱ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवायची नाही कारण ती भिंत चार महिने ओलीच असते, लाकडी पेटीत कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची.