चढ कुठे आहे?

"तुमच्या रोजच्या वाटेवर चढ कुठे आहे?" नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातल्या सायकलच्या दुकानदाराने आज मला विचारले, आणि कालव्यांवरच्या पुलांखेरीज एकही चढ मला आठवेना.

मी शिमानो कंपनीचा 'नेक्सस' हा आठ गिअरचा संच बसवलेल्या महागड्या सायकलीवर हात ठेवून उभा होतो. त्यांनी मात्र तीन गिअरची जुनी सायकल पुढे ओढली आणि साखळीवरचे बंद आवरण दाखवले. गिअर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, असल्याने साखळी एकाच सरळ रेषेत धावते, म्हणून तिला असे पूर्ण झाकता येते आणि पावसापासून, तसेच हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून ती वाचते. शिवाय सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. मागचे चाक काढणे तेवढे किचकट. इथे बहुतेक जण चाक न काढताच पंक्चर काढतात.

तीन गिअरचा पल्ला (सर्वांत हलक्या गिअरच्या तुलनेत सर्वांत जड गिअर किती) १८६ टक्के, आठांचा ३०७. सपाट शहरात हा फरक मला क्वचितच जाणवला असता.

पुण्यात पहिली सायकल घेताना मी फक्त "गिअर किती?" एवढेच विचारले होते, आणि दुकानदारानेही मला काही विचारले नव्हते. तुमची वाट आधी विचारणारा विक्रेता तुम्हाला कधी भेटला आहे का?