खोडून नीट काढून का देत नाही?

"मॅडम, चुकलंय हे दिसतंय ना तुम्हाला? मग खोडून नीट काढून का देत नाही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या चित्रकलेच्या क्लासला मूल घातलेल्या जवळपास प्रत्येक पालकानं कधी ना कधी हे विचारलं आहे, विशेषतः एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की. दहावीला वाढीव गुण मिळणार असतात, तुमची घाई मला समजते. तरीही मुलांच्या कागदावर मी पेन्सिल टेकवत नाही.

मागच्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीला मी बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा काढायला दिला. डबा टेबलावर, त्याचा एक कोपरा तिच्याकडे. तासाभरानं ती कागद घेऊन आली. "काहीतरी वाकडं झालंय, पण काय ते कळत नाहीये." रेषा स्वच्छ होत्या, उभ्या कडा उभ्याच होत्या. पण डबा टेबलावर बसत नव्हता, वरून फाकल्यासारखा दिसत होता. मी चित्रावर बटर पेपर ठेवला, पट्टी आणि लाल पेन तिच्याच हातात दिलं आणि उजवीकडे मागे जाणाऱ्या तिन्ही कडा लांबवायला सांगितल्या. झाकणाच्या दोन कडा खूप वर, कागदाच्या बाहेर जाऊन भेटल्या. त्यासाठी बटर पेपरला आणखी एक तुकडा चिकटवावा लागला. तळाची कड मात्र तिथं पोचलीच नाही. ती जवळजवळ आडवीच निघून गेली.

"तू कुठं बसली होतीस?"

तिनं स्टुलाकडे बोट दाखवलं. मग थांबून म्हणाली, "झाकण नीट दिसत नव्हतं, म्हणून ते काढताना मी उभी राहिले होते."

तिला पुन्हा स्टुलावर बसवलं. बसल्यावर झाकणाची जेमतेम बोटभर पट्टी दिसत होती. "एवढंसंच?" असं म्हणून ती कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिली.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे पुस्तकातलं यथार्थदर्शन, वस्तू एका जागेवरून जशी दिसते तशी कागदावर काढणं, इथंच अडतं. समोर सरळ पाहिलं की आपल्या डोळ्यांच्या उंचीवर जी आडवी रेषा येते, ती आपली दृष्टिरेषा. डब्याच्या एकमेकींना समांतर असलेल्या आडव्या कडा मागे जाताना त्या रेषेवरच्या एका बिंदूकडे जातात. उभे राहिलात की रेषा तुमच्याबरोबर वर येते, बसलात की खाली उतरते. त्या मुलीनं एकाच डब्यासाठी दोन दृष्टिरेषा वापरल्या होत्या. मी खोडून दुरुस्त केलं असतं तर डबा सरळ झाला असता, पण ती मध्येच उठली होती हे तिलाही कळलं नसतं आणि मलाही. म्हणून चित्र हातात आलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो, तू कुठं बसला होतास? बऱ्याच चुका हाताच्या नसतातच, बघण्याच्या असतात.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं १५२५ साली छापलेल्या मोजमापाच्या पुस्तकात एक चित्रकार काचेवर समोरच्या माणसाचं चित्र काढताना दाखवला आहे, आणि त्याचा डोळा जागचा हलू नये याची खास सोय केलेली आहे. आमच्याकडे मुलं खिडकीच्या काचेवर मार्करनं समोरची इमारत काढतात, एक डोळा मिटून. मान जराशी हलली की गच्चीची कड रेषेवरून सरकते. हे एकदा स्वतः अनुभवलं की मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

रेषेच्या सरावाचंही तसंच. दोन ठिपके, मध्ये वीतभर अंतर, बॉलपेननं एका दमात जोडायचे. खोडरबर नाही. पान भरलं की मी "छान" म्हणत नाही. "छान" ऐकून मुलाला पुढचं पान कसं काढायचं ते कळत नाही. रेषा दर वेळी एकाच बाजूला कमानीसारखी वळत असेल तर हात मनगटावर किंवा कोपरावर फिरतोय, खांद्यातून नाही. रेषा थरथरत असेल तर नजर पेनच्या टोकावर खिळली आहे. ती दुसऱ्या ठिपक्यावर ठेवायला सांगते. आणि सरळ गेलेली रेषा ठिपक्याच्या थोडी पुढे गेली, तर तिच्यापुढे मी बरोबरची खूण करते. पालकांना याचं नवल वाटतं. पण तो हात न घाबरता सुटला आहे. थांबायला तो महिनाभरात शिकतो, घाबरत तुकड्यातुकड्यांनी काढून केसाळ झालेली रेषा सुधारायला मात्र फार वेळ लागतो. एका वेळी एकच गोष्ट सांगते. पाच सांगितल्या तर मूल पाचही विसरतं आणि वर आपल्याला काहीच येत नाही असं धरून बसतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र मी यातलं काही सांगत नाही. त्यांनी टेबल वरून काढलं आणि पाय चार दिशांना पसरले, तर ती चूक नाही. त्या वयात टेबलाबद्दल जे माहीत असतं ते सगळं त्यांना दाखवायचं असतं. आपल्या वारली चित्रांत आणि जुन्या लघुचित्रांतही घर, अंगण, चौरंग एकाच जागेवरून पाहिलेले नसतात.

आणखी एक सांगते. मी पाचवीत असताना काढलेला तांब्या एका शिक्षकांनी जवळजवळ पूर्ण खोडून पुन्हा काढला. माझ्या तांब्याचं तोंड दोन्ही टोकांना आंब्याच्या पानासारखं टोकदार झालं होतं. त्यांनी ते सुरेख लंबगोल केलं. चित्र फलकावर लागलं, खाली माझं नाव. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण लंबगोलाला टोक नसतं, कड वळून मागे जाते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या फलकासमोरून जाताना मी खाली मान घालत असे.

त्या सातवीतल्या मुलीनं पुढच्या आठवड्यात तोच डबा पुन्हा काढून आणला. झाकण बारीक पट्टीएवढं, तळाची कड झाकणाच्या कडेपेक्षा जास्त तिरकी. बटर पेपर तिनं घरीच लावून पाहिला होता. डावीकडची एक कड अजून थोडी चुकते, हेही तिनंच मला दाखवलं. कागदाच्या कोपऱ्यात तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पूर्ण वेळ बसून."