‘हो’ आणि ‘नाही’च्या मधला हात

माझ्या मुलाच्या फाइलमधला एक कागद आजही हातात आला की माझं डोकं तापतं. त्यावर एक ओळ आहे : ‘उजवा हात तोंडाकडे नेतो का?’ पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. तो दीड महिन्याचा असताना ‘नाही’वर खूण. तीन महिन्यांचा झाला तेव्हाही ‘नाही’वरच. आणि खाली शेरा : ‘बदल नाही.’

बदल होता. आम्ही तो रोज बघत होतो.

जन्माच्या वेळी डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, ज्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात, ते ताणलं गेलं. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या पाच मुळांचं हे जाळं असतं. आमच्याकडे त्यातल्या वरच्या दोन मुळांना, सी5 आणि सी6 ला, इजा झाली होती. याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. बोटं हलायची, पण खांदा आणि कोपर गप्प. हात अंगालगत आत वळून पडलेला, मनगट दुमडलेलं. निदान लवकर झालं, फिजिओथेरपीही वेळेत सुरू झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या दोन चौकोनांबद्दल. तपासणीची पाळी यायची तेव्हा बाळ एकतर झोपलेलं, नाहीतर गार टेबलावर ठेवल्यामुळे रडून लाल झालेलं. दहा मिनिटांत हात एकदा उचलून सोडायचा, तो खाली पडला की ‘नाही’. तिसऱ्या महिन्यात मी सांगायचा प्रयत्न केला, ‘घरी कुशीवर झोपवलं की कोपर हलतं हो.’ उत्तर मिळालं, ‘आईला वाटतं तसं.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच आपल्याला वाटतंय का, हेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंगोट बदलून झाल्यावर मी त्याला डाव्या कुशीवर ठेवलं. त्याच्या पुढ्यात टॉवेलची घट्ट घडी ठेवली, छातीच्या उंचीची, आणि उजवा हात तिच्यावर आडवा टेकवला. दोन मिनिटं काहीच नाही. मग करंगळी हलली, मनगट टॉवेलवरून थोडं सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. कोपर अर्ध्यापेक्षा जास्त वाकलं आणि मूठ नाकाला लागली. तो दचकला. नवऱ्याने व्हिडिओ घेतला होता, पण त्याचे हात इतके थरथरत होते की चित्र निम्मं धूसर आलं. थोरली पाच वर्षांची होती. तिने विचारलं, ‘आज हाताचा वाढदिवस आहे का?’ आम्ही हो म्हटलं. तेव्हापासून आमच्या घरात हाताचे वाढदिवस होतात.

तो व्हिडिओ आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवला. त्यांनी मला जे समजावलं ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! अशा मुलांच्या हालचाली मोजायला 0 ते 7 अशी श्रेणी वापरतात. स्नायू अजिबात आकसत नाही तेव्हा 0. नुसता आकसतो, पण हात हलत नाही, तेव्हा 1. मग 2, 3 आणि 4 या पायऱ्या हात आडवा टेकवून बघायच्या असतात, म्हणजे हाताचं वजन पेलावं लागत नाही. अर्ध्यापर्यंत हलला तर 2, अर्ध्याच्या पुढे गेला तर 3, पूर्ण हलला तर 4. वजन पेलून वर उचलणं 5 पासून सुरू होतं. म्हणजे त्या कागदावर ‘हो’ येण्याआधी बाळाने चार पायऱ्या चढलेल्या असतात, आणि चारही पायऱ्यांवर कागद ‘नाही’च म्हणतो. माझा मुलगा तिसऱ्या पायरीवर होता. शून्यावरून तिथे येणं म्हणजे ‘बदल नाही’?

नसेचे तंतू तुटले असतील तर ते पुन्हा वाढायचा वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर बोटाने मोजून बघा, म्हणजे वाट बघण्याचे महिने कुठून येतात ते कळतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. आपल्याला आनंद झाला म्हणून मोठ्या डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवणारा स्नायू, बायसेप्स, परतला नसेल तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं. शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घ्यायचा असतो. आम्हीही गेलो. त्या सर्जननी व्हिडिओ दोनदा बघितला, हात स्वतः आडवा ठेवून तपासला, आणि लक्ष ठेवून थांबायचं ठरवलं. त्यांच्या कागदावर प्रत्येक हालचालीपुढे आकडा होता. मला तिथेच रडू आलं.

पाचव्या महिन्यात हात वजन पेलून उचलला गेला. नवव्या महिन्यात बिस्किटाची चाचणी : दंड अंगालगत धरायचा, हातात बिस्किट द्यायचं, आणि मान फार न वाकवता ते तोंडापर्यंत जातं का बघायचं. गेलं. खांदा मात्र अजून बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नाही, आणि त्याचे ताण देण्याचे व्यायाम आजही रोज चालू आहेत. ते कंटाळा आला म्हणून सोडू नका. खांदा आखडत गेला तर सांध्याच्या हाडांची ठेवणही बिघडते.

नोंद ठेवताना तारीख, बाळ कसं ठेवलं होतं आणि हात कुठपर्यंत गेला, एवढं लिहा. ‘छान हलवला’ असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. आंघोळीच्या पाण्यात हात हलका होतो, तिथे लक्ष ठेवा, आमच्याकडे खांद्याची पहिली हालचाल तिथेच दिसली. शेजारच्या बाळाशी तुलना नको, गेल्या आठवड्यातल्या याच हाताशी करा. दीड वर्षानंतर आम्ही कॅमेरा बंद केला, कारण फोन समोर आला की तो हात पाठीमागे लपवायला लागला होता. टाळ्याही कमी केल्या. तो वळून बघतो, आम्ही हसतो, पुरतं तेवढं.

आणि कपड्यांचं सांगायचं राहिलं. घालताना इजा झालेला हात आधी, काढताना शेवटी, आणि हाताला धरून कधीच उचलायचं नाही. आता तो अडीच वर्षांचा आहे. सदरा पुढे धरला की उजवा हात आपणहून बाहीत घालतो.